जुने चांदीचे डॉलर : त्यांची स्वच्छता आणि पारख



जुनें चांदीचें नाणें हातीं आलें म्हणजे बहुतेकांच्या मनांत दोन इच्छा एकदमच उभ्या राहतात. तें घांसून लख्ख करावें ही एक, आणि याचे किती येतील तें कोणाला तरी विचारावें ही दुसरी. या दोन इच्छांचें परस्परांशीं वैर आहे, हें मात्र फारसें कोणाला ठाऊक नसतें. पहिली पुरी केली कीं दुसरीवर पाणी पडतें. आणि झालेली हानि मागाहून कितीहि पैसा खर्चला तरी भरून येत नाहीं. हें वैर कां आहे, आणि टांकसाळींतच राहून गेलेला एखादा लहानसा दोष नाण्यावर दिसला तर त्याचा अर्थ काय समजावयाचा, याविषयीं आज कांहीं सांगण्याचा विचार आहे.

उदाहरणाकरितां मीं अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर निवडला आहे. तिकडील अभ्यासकांनीं या नाण्याचा इतका बारकाईनें विचार केला आहे कीं त्यावरून कोणत्याहि जुन्या नाण्याची पारख शिकतां यावी. शिवाय हा डॉलर आपल्याकडील कांहीं घरांतहि येऊन पोंचलेला आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलानें किंवा भाच्यानें भेट म्हणून आणलेला असा एखादा डॉलर देवघरांतल्या पेटींत जुन्या रुपयांच्या शेजारीं पडून असतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ती पेटी उघडते, आणि रुपयांबरोबर हा परदेशी पाहुणाहि राखेच्या नाहीं तर भांडीं घांसण्याच्या पुडीच्या हवालीं होतो. तें होण्यापूर्वीं पुढील गोष्टी कानांवर असाव्यात एवढाच माझा हेतु.

प्रथम हें नाणें ओळखूं या. जुना चांदीचा डॉलर म्हणून जो सर्वसाधारणपणें सांपडतो तो दोन प्रकारचा असतो. पहिला मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन या कारागिरानें त्याचें चित्र कोरलें म्हणून त्याला हें नांव मिळालें. तो १८७८ पासून १९०४ पर्यंत व पुढें एकदां १९२१ सालीं पाडण्यांत आला. त्याच्या एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचें मुख आहे व दुसऱ्या बाजूस पंख पसरलेला गरुड. दुसरा पीस डॉलर, म्हणजे शांतता-डॉलर. पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून तो काढला. त्याचें चित्र अँथनी डी फ्रान्सिस्की यांचें. तो १९२१ ते १९२८ व पुन्हां १९३४ आणि १९३५ या सालीं निघाला. २०२१ पासून याच चित्रांचीं नवीं नाणीं केवळ संग्राहकांकरितां निघालीं आहेत. त्यांचा आजच्या विषयांत समावेश नाहीं.

दोन्ही जुन्या डॉलरांचें वजन २६.७३ ग्रॅम व रुंदी ३८.१ मिलिमीटर. दर दहा भागांत नऊ भाग चांदी व एक भाग तांबें. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, आपल्या जुन्या हिशेबानें दोन तोळ्यांहून किंचित् अधिक. मॉर्गन डॉलरच्या मागच्या बाजूस, गरुडाखालच्या हाराच्या गांठीशीं, 'डॉलर' या शब्दाच्या जरा वर एक बारीक अक्षर असतें. ती टांकसाळीची खूण होय. 'एस्' असेल तर सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' असेल तर न्यू ऑर्लिन्स, 'सीसी' अशीं दोन अक्षरें असतील तर नेव्हाडा प्रांतांतील कार्सन सिटी. १९२१ च्या नाण्यावर 'डी' असेल तर तें डेन्व्हरचें. कोणतेंच अक्षर नसेल तर तें फिलाडेल्फियाचें. हें अक्षर मोहरीच्या दाण्याहूनहि लहान असतें. परंतु नाण्याची किंमत कित्येक वेळां त्याच्यावरच ठरते.

हे डॉलर इतके कां पाडले गेले, हेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नेव्हाडांतील खाणींतून चांदीचा लोट सुरू झाल्यावर १८७८ सालीं तिकडे एक कायदा झाला. त्यानें दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलर किंमतीची चांदी विकत घेऊन तिचीं नाणीं पाडण्याचें बंधन सरकारवर आलें. लोकांना एवढ्या जड नाण्यांची गरज नव्हती. त्यामुळें तीं हजार-हजारांच्या पोत्यांत भरून खजिन्यांत वर्षानुवर्षें पडून राहिलीं. पोतीं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलवितांना आंतील नाणीं एकमेकांवर आदळत व त्यांच्यावर बारीक चरे पडत. म्हणूनच बाजारांत एकदांहि न फिरलेल्या डॉलरच्याहि गालावर असे चरे दिसतात. हे पोत्यांतले चरे म्हणजे टांकसाळीचा दोष नव्हे आणि वापरानें आलेली झीजहि नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

या नाण्यांच्या कहाणींत आपला देश एकदां प्रत्यक्ष येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत रुपयांची मागणी इतकी वाढली कीं ते पाडावयास चांदी पुरेना. १९१७ च्या नोव्हेंबरांत एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. तेव्हां अमेरिकेनें १९१८ च्या एप्रिलांत पिटमन नांवाच्या सेनेटरांच्या पुढाकारानें कायदा केला आणि खजिन्यांत पडलेले २७ कोटी २ लक्ष ३२ हजार ७२२ डॉलर वितळवून टाकले. त्यांपैकीं २५ कोटी ९१ लक्षांहून अधिक डॉलरांची चांदी ब्रिटिश सरकारास हिंदुस्थानाकरितां विकण्यांत आली. एका डॉलरांतील शुद्ध चांदींतून त्या वेळचे सव्वादोन रुपये होत. पंचम जॉर्जच्या मुद्रेचा १९१८ किंवा १९१९ सालचा रुपया आपल्या पेटींत असेल, तर त्यांत अमेरिकेच्या वितळलेल्या डॉलरची चांदी असण्याचा पुष्कळ संभव आहे. पेटींतले ते दोघे शेजारी एका अर्थानें एकमेकांचे नातलगच आहेत.

ही हकीकत मीं केवळ गंमत म्हणून सांगितली नाहीं. कोणत्या सालचे व कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर त्या भट्टींत गेले याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. त्यामुळें अमुक सालीं इतकीं नाणीं पडलीं हा आंकडा पाहून त्यांतील आज किती उरलीं असतील याचा अंदाज बांधतां येत नाहीं. किंमतीचा विचार करतांना या गोष्टीकडे पुन्हां वळूं.

आतां दोषांकडे येऊं. नाणें कसें तयार होतें हें समजलें म्हणजे दोष आपोआप समजतात. चांदीच्या पत्र्यांतून कोऱ्या चकत्या कापतात. पोलादाचे दोन ठसे असतात. एक वरच्या बाजूचा व एक खालच्या. चकती दोहोंमध्यें ठेवून यंत्रानें प्रचंड दाब दिला म्हणजे दोन्ही चित्रें एकाच क्षणीं उमटतात. चकतीभोवतीं खांचा पाडलेलें एक कडें असतें, त्यामुळें कडेला रेघा येतात. ठशांत जें खोल कोरलेलें असतें तें नाण्यावर उंच उठतें. एवढें एक सूत्र मनांत पक्कें धरलें, तर निम्मी पारख साधली असें समजावें.

या सूत्राचा उपयोग पहा. हजारों ठोके बसून पोलादी ठशाला भेग पडते. ठशावरील भेग म्हणजे खोल चीर. तींत चांदी शिरते, आणि नाण्यावर एक बारीक उंच रेघ उठते. याउलट नाणें टांकसाळींतून बाहेर पडल्यावर त्याला जो ओरखडा लागतो तो खोल असतो. तेव्हां नाण्यावर रेघ दिसली तर ती उंच आहे कीं खोल, एवढेंच भिंगांतून पहावें. नाणें दिव्याखालीं हळूं हळूं कलतें केलें कीं सावली कोणत्या अंगास पडते त्यावरून तें कळतें. उंच रेघ असेल तर ती जन्मखूण. खोल असेल तर ती जखम. जन्मखुणेनें किंमत सहसा उतरत नाहीं. जखमेनें ती उतरतेच.

दुसरा दोष अर्धवट उमटलेल्या चित्राचा. देवतेच्या कानावरचे केस व गरुडाच्या छातीवरचीं पिसें हे या नाण्यांतले सर्वांत उंच भाग. दाब कमी पडला तर चांदी तेथपर्यंत पोंचत नाहीं आणि ते भाग सपाट राहतात. न्यू ऑर्लिन्सच्या डॉलरांविषयीं ही तक्रार जुनी आहे. नवखा माणूस असें नाणें पाहून तें झिजलेलें आहे असें ठरवितो, व विकणारा तें कोरें आहे म्हणून शपथ घेतो. निवाडा करण्याची खूण अशी : झिजलेला भाग गुळगुळीत व करडा दिसतो, आणि आसपासच्या भागावरील झळाळी त्याच्यावर नसते. न उमटलेल्या भागावर मूळ चकतीचा किंचित् खरबरीतपणा असतो, आणि झळाळी त्याच्यावरूनहि अखंड फिरते.

तिसरा प्रकार ठसे आदळल्याचा. यंत्रांत चकती पडण्याचें चुकलें आणि दाब मात्र बसला, तर दोन्ही ठसे एकमेकांवर आपटतात व एकाची पुसट रेषा दुसऱ्यावर उमटते. मग पुढच्या नाण्यांवर देवतेच्या मानेजवळ किंवा गरुडाच्या पंखाशेजारीं पलीकडच्या चित्राची छाया दिसूं लागते. चौथा प्रकार ठशांत तेल व धूळ सांचल्याचा. त्यामुळें एखादें अक्षर अपुरें राहतें. पांचवा खुद्द चकतीचा, म्हणजे पत्र्याचा पापुद्रा सुटण्याचा. सहावा दुहेरी चित्राचा. ठसा तयार करतांनाच त्यावर चित्र दोनदां किंचित् सरकून बसलें असेल, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर अक्षरें वा अवयव दुहेरी उठतात, आणि हा प्रकार संग्राहकांच्या आवडीचा आहे. परंतु ठोका बसतांना ठसा जरासा हलला तरी अक्षराच्या कडेला चपटी पायरी उठते. ती पुष्कळ नाण्यांवर असते व तिला मोल नाहीं. या दोहोंत अनेकांची फसगत होते.

या लहानसहान भेदांचें अमेरिकेंत एक स्वतंत्र शास्त्रच झालें आहे. लेरॉय व्हॅन ॲलन व जॉर्ज मॅलिस या दोघांनीं एकेका ठशाचा माग काढून त्यांना क्रमांक दिले, व त्यांच्या आडनांवांवरून हे क्रमांक 'व्हॅम' या नांवानें ओळखले जातात. १८७८ सालचेंच उदाहरण घ्या. आरंभीं गरुडाच्या शेपटींत आठ पिसें कोरलीं होतीं. नंतर सात ठरलीं. आणि कांहीं ठशांवर आठांच्याच वर सात पुन्हां ठोकलीं. अशा नाण्यावर सात पिसांच्या खालून जुन्यांचीं टोकें डोकावतात. १८८८ सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या एका ठशाला इतकी मोठी भेग गेली कीं ती देवतेच्या चेहऱ्यावरून आडवी दिसते. त्या नाण्याला संग्राहक 'स्कारफेस', म्हणजे व्रण असलेल्या चेहऱ्याचा डॉलर म्हणतात. असें नाणें त्याच सालच्या साध्या नाण्याहून पुष्कळ महाग जातें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हीं उदाहरणें ऐकून प्रत्येक रेघेंत कोणाला धनाचा हंडा दिसूं लागेल, तर तें खरें नव्हे. केसाएवढी भेग, पुसट छाया, एखादें अपुरें अक्षर हीं लाखों डॉलरांवर आहेत. त्यांनीं बहुधा किंमत वाढतहि नाहीं व घटतहि नाहीं. दोष नुसता दुर्मिळ असून भागत नाहीं. तो क्रमांकांच्या यादींत नोंदलेला असावा लागतो, आणि तो हवा असणारे गिऱ्हाईक असावें लागतें. चित्र फार अर्धवट उमटलें असेल किंवा पापुद्रा निघाला असेल तर किंमत थोडी उतरते. मग या जन्मखुणा पहावयाच्या कशाला? तर त्यांच्यावरून तें नाणें अमुकच ठशाचें आहे हें ठरतें, आणि तीच खूण स्वच्छतेच्या नांवाखालीं प्रथम नाहींशी होते. उंच उठलेली बारीक रेघ चार वेळां घांसली कीं गेली.

आतां स्वच्छतेचा मुख्य मुद्दा. कोरें नाणें दिव्याखालीं फिरविलें तर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें प्रकाशाचे पट्टे त्यावरून गोल फिरतांना दिसतात. ही झळाळी नुसत्या गुळगुळीतपणाची नव्हे. दाबाखालीं चांदी मध्यापासून कडेकडे वाहत जाते, त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, आणि त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित झाल्यानें हा देखावा दिसतो. या रेषा डोळ्यांना दिसत नाहींत. आणि त्या एकदां गेल्या कीं कोणत्याहि सोनाराला परत आणतां येत नाहींत. घांसलेलें नाणें चकाकतें खरें, पण तें आरशासारखें मेलेलें चकाकतें. त्यावर चाक फिरत नाहीं. जाणता ग्राहक तें एका नजरेंत ओळखतो.

काळिमा म्हणजे काय? हवेंत गंधकाचा अंश असतो. लोकर, रबर, हलक्या प्रतीचा कागद यांतूनहि तो निघतो. चांदीचा त्याच्याशीं संयोग होऊन तिच्यावर अत्यंत पातळ थर बसतो. आरंभीं तो पिवळसर, मग तांबूस-जांभळा, मग निळा व शेवटीं काळा दिसतो. आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेंत हें काम लवकर होतें. हा थर म्हणजे घाण नव्हे. तो नाण्याच्याच चांदीचा बनलेला असतो. तो काढणें म्हणजे नाण्याची वरची कातडी सोलून काढणें होय. शिवाय एकसारखा व रंगीत असा थर संग्राहकांना आवडतो. त्यावरून नाण्याला कोणीं हात लावलेला नाहीं अशी ग्वाही मिळते.

आपल्या घरांतील उपाय एकेक करून पाहूं. राख, रांगोळी, दंतमंजन, खाण्याचा सोडा आणि भांडीं घांसण्याची पूड हीं सर्व घर्षणानें काम करतात. प्रत्येक कण नाण्यावर बारीक चरा ओढतो. चिंच व लिंबू तांब्यापितळेच्या भांड्यांना लागू पडतात. चांदीचा काळिमा त्यांच्यानें फारसा विरघळत नाहीं, जें होतें तें चोळण्यानें. रिठ्याचें पाणी सौम्य असलें तरी ब्रश फिरविला कीं तोच परिणाम. ॲल्युमिनियमचा पत्रा व सोड्याचें गरम पाणी यांची युक्ति पुष्कळांना माहीत आहे. तिनें गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो; ताम्हन-पळीकरितां ती चांगली आहे, पण नाण्याचा पृष्ठभाग तिनें निस्तेज व डागाळलेला होतो. दुकानांत मिळणारा उजळण्याचा द्रव आम्लाच्या साह्यानें वरचा थर विरघळवितो. त्याच्या एका बुडीनें नाणें पांढरें होतें. पण दर बुडीस झळाळीच्या रेषा थोड्या थोड्या जातात, आणि शेवटीं खडूसारखें फिकें नाणें हातीं उरतें.

मग करावें तें काय? पुष्कळ वेळां कांहींच करूं नये, हेंच उत्तर. नाण्यावर सैल धूळ किंवा मळ असेल तर तें ऊर्ध्वपातित पाण्यांत, म्हणजे मोटारीच्या बॅटरींत घालावयास मिळतें त्या शुद्ध पाण्यांत, कांहीं वेळ बुडवून ठेवावें. तेलकटपणा असेल, किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून येणारा हिरवट चिकट थर असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्यें कांचेच्या वाटींत बुडवावें. नखांचा रंग काढण्याचा द्रव यासाठीं वापरूं नये. त्यांत सुगंध व तेलें मिसळलेलीं असतात. ॲसिटोन चटकन पेट घेतो, म्हणून जवळ दिवा, उदबत्ती वा शेगडी नसावी व खिडकी उघडी असावी. नाणें बाहेर काढून पुसूं नये; मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसतें टिपावें. या दोन द्रवांनीं चांदीला कांहीं होत नाहीं. काळिमाहि जात नाहीं, आणि तो जाऊं नये हेंच इष्ट. नाणें नेहमीं कडेला दोन बोटांनीं धरावें. तें लोकरींत वा रबरी वस्तूजवळ ठेवूं नये. मऊ वासाच्या प्लॅस्टिकचीं पाकिटें टाळावींत. पावसाळ्यांत डबींत ओलावा शोषणारी पुडी ठेवावी, ती नाण्याला मात्र लागूं देऊं नये.

आतां किंमत. तिचे प्रश्न क्रमानें विचारावेत. पहिला प्रश्न, नाणें खरें आहे काय? या डॉलरचीं बनावट नाणीं पुष्कळ फिरतात. घरगुती परीक्षा सोपी आहे. बारीक वजनाच्या काट्यावर नाणें २६.७३ ग्रॅमच्या आसपास भरलें पाहिजे. झिजलेलें असल्यास थोडें कमी. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आंकडा शून्यावर आणावा, नाणें सुती दोऱ्यानें बांधून पेल्याच्या तळाला न लागतां पाण्यांत पुरतें लोंबकळत ठेवावें. काटा सुमारें २.६ ग्रॅम दाखवील. शाळेंत शिकलेला आर्किमिडीजचा नियम येथें कामीं येतो. हा आंकडा फार वेगळा आला तर धातु हिणकस समजावा. लोहचुंबकास तर तें मुळींच चिकटूं नये. कस लावण्याकरितां नाणें दगडावर घांसण्याची किंवा कडेला कानस मारण्याची परवानगी मात्र कोणालाहि देऊं नये.

दुसरा प्रश्न मोडीच्या भावाचा. त्या दिवसाच्या चांदीच्या ग्रॅमच्या दरास २४.०६ नें गुणावें. झिजेपुरती किंचित् वजावट करावी. याच्या खालीं खऱ्या डॉलरची किंमत जात नाहीं. वापरून गुळगुळीत झालेला १९२१ चा मॉर्गन किंवा १९२२-२३ चा पीस डॉलर याच भावाच्या थोडा वर जातो, आणि तसा असेल तर त्यांत निराश होण्यासारखें कांहीं नाहीं.

तिसरा प्रश्न साल व टांकसाळ यांचा. १८८९ चा फिलाडेल्फियाचा डॉलर सामान्य. त्याच सालचा कार्सन सिटीचा फार मोलाचा. १८९३ सालीं सॅन फ्रान्सिस्कोस अवघे एक लक्ष पडले. तो तर या मालिकेंतला अत्यंत मौल्यवान, आणि म्हणूनच साध्या नाण्यावर खोटें 'एस्' अक्षर चिकटवून तो बनविला जातो. पण नुसत्या आंकड्यांवर विसंबूं नये, हें मागें सांगितलेंच आहे. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर दुर्मिळांतला दुर्मिळ समजला जाई. १९६२ सालीं खजिन्यांतून त्याचीं पोतींच्या पोतीं बाहेर आलीं आणि त्याची किंमत एकाएकीं कोसळली. पुढें १९६४ सालीं सरकारनें डॉलर देणें बंद केलें. उरलेले सुमारें तीस लक्ष, बहुतेक कार्सन सिटीचे, १९७२ ते १९८० या काळांत संग्राहकांना विकले.

चौथा प्रश्न स्थितीचा, आणि येथेंच घांसण्याचा हिशेब चुकता होतो. विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांकरितां एक ते सत्तर अशी गुणांची पद्धत घातली. तीच आतां सर्व नाण्यांना लावतात. साठ व त्यावरील गुण न वापरलेल्या नाण्यास. १९८६ व १९८७ सालीं तिकडे पीसीजीएस व एनजीसी या संस्था निघाल्या. त्या नाणें तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबींत बंद करून देतात. घांसलेल्या नाण्यास त्या साधा गुणांक देत नाहींत. तें स्वच्छ केलेलें आहे असा शेरा डबीवर येतो.

समजा, एका घरच्या वांटणींत दोघां भावांना १८८९ चा कार्सन सिटीचा एकेक डॉलर आला. दोन्ही सारखेच, काळवंडलेले, बाजारांत न फिरलेले. थोरल्यानें आपला होता तसा कागदांत गुंडाळून ठेविला. धाकट्याच्या घरीं तो दरवर्षीं भक्तिभावानें घांसला गेला. दहा वर्षांनीं मुलांच्या शिक्षणाकरितां दोघांनींहि तो विकावयास काढला, तर धाकट्याला थोरल्याच्या निम्मे मिळाले तरी नशीब म्हणावें लागेल. धाकट्यानें कांहीं पाप केलें नाहीं. त्यानें नाण्याची सेवाच केली. परंतु नाण्याला ती सेवा नको होती. पूजेकरितां नवीं चांदीचीं नाणीं सहज मिळतात. तीं खुशाल धुवावींत, उजळावींत. जुनें नाणें पूजेंत ठेवावयाचेंच असेल तर त्याला कोरडें कुंकूहि न लावतां वाटींत ठेवून हात जोडावेत. देवाला तेवढें पुरे.

अमेरिकेच्या डॉलरविषयीं जें सांगितलें तेंच मुंबईंत पडलेल्या एका डॉलरलाहि लागू आहे. १८९५ पासून १९३५ पर्यंत इंग्रज सरकारनें सिंगापूर, हाँगकाँग इकडील व्यापाराकरितां एक डॉलर पाडला, व तो मुख्यतः मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत. त्याच्यावर त्रिशूळ व ढाल घेतलेली ब्रिटानिया उभी आहे, आणि मागें चिनी व मलायी लिपींत 'एक डॉलर' असें आहे. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' असेल तर तो आपल्या मुंबईचा. त्याच्यावर चिनी व्यापाऱ्यांनीं नाणें पारखून ठोकलेले लहान शिक्के कधीं कधीं असतात. ते टांकसाळीचे दोष नव्हेत, पण नाण्याच्या प्रवासाचे दाखले आहेत. कोणी ते घांसून बुजवूं पाहील, तर त्यानें तो दाखलाच फाडला असें होईल.

शेवटीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. विक्रीपूर्वीं एकाच सराफाचें मत घेऊन थांबूं नये. मोडीचा भाव सांगणारा सराफ आणि नाण्यांचा जाणकार हे दोन वेगळे. आपलें नाणें घांसलेलें असल्यास तें विकतांना आपण होऊन सांगावें. न सांगणें हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. दुसरें, १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील नाणें हें आपल्याकडे पुराणवस्तु ठरतें, आणि अशी वस्तु खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. तेव्हां गुणांकाकरितां म्हणून जुना डॉलर टपालानें परदेशीं धाडण्याच्या भरीस पडूं नये. पुरातत्त्व खात्याकडे आधीं चौकशी करावी.

यंदाच्या दिवाळींत पेटी उघडाल तेव्हां राखेच्या वाटीऐवजीं एक भिंग जवळ ठेवा. साल वाचा, हाराखालचें अक्षर शोधा, रेघ उंच आहे कीं खोल तें पहा, वजन करून एका कागदावर टिपा, आणि तो कागद नाण्याबरोबर ठेवून पेटी बंद करा. पुढील पिढीला तुमच्याकडून चकाकणाऱ्या चांदीपेक्षां तो कागद व तें न घांसलेलें नाणें अधिक उपयोगी पडेल.